मामाजी आणि त्यांची कंबर

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिले ते पायांपासून. कारंजा घाडग्याला आमच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले. सगळ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मुलाने जमिनीकडे पाहिले आणि हे गृहस्थ माझ्या टाचांकडे टक लावून बसले. मला वाटले, मीच चप्पल काढायला विसरले की काय. नाव, शिक्षण, स्वयंपाक हे सगळे विचारून झाल्यावर ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी पसंत हाये जी. पण सारं वजन डाव्या पायावर टाकून उभी राह्यते. असीच राह्यली त चाळिशीत कंबर जाईन तिची." वडिलांचा चेहरा पडला. "तिच्या पायाले काही झालं नाई जी," ते घाईघाईने म्हणाले. "झालं नाई म्हनूनच सांगून राह्यलो," हे शांतपणे म्हणाले आणि पोह्यांकडे वळले. लग्न ठरले. पण मुलीच्या डाव्या पायात काहीतरी खोट आहे ही कुजबुज जी सुरू झाली, ती मांडवापर्यंत पोचली. सप्तपदी चालताना माझ्या चुलतमावश्या माझे तोंड सोडून पाय पाहत होत्या. या गोष्टीसाठी मी मामाजींना पुढे बरीच वर्षे माफ केले नाही.

घरात आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. पुलगावच्या लष्करी दारूगोळ्याच्या डेपोत, जिथे ते स्टोअरकीपर होते, तिथे त्यांना पहलवान म्हणत. तरुणपणी नाचणगावच्या आखाड्यात त्यांनी बरीच माती अंगाला लावली होती. कुस्ती सुटली, पण कुस्तीने त्यांच्या डोक्यात घातलेले एक खूळ काही सुटले नाही. माणसाचा सगळा जोर कंबरेत असतो, हात हे कंबरेचे नोकर आहेत, आणि जगातली निम्मी दुखणी नोकरांना मालकाचे काम सांगितल्याने होतात, असे ते म्हणत. एकदा म्हणून थांबले असते तर माझे काही म्हणणे नव्हते. ते सकाळच्या चहाला म्हणत, दुपारच्या जेवणाला म्हणत आणि घरी पाहुणे आले की उभे राहून करून दाखवत.

या खुळाला खतपाणी मिळाले ते गोल्फमुळे. डेपोच्या साहेबलोकांचे गोल्फचे मैदान होते. मैदान म्हणजे आपली काळी कपाशीचीच जमीन. पावसाळ्यात बूट रुतायचे आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की चेंडू आत गेला तर तो पुढच्या पावसालाच वर यायचा. तिथे हिरवळ टिकत नसे, म्हणून होलभोवती वाळूत जळके इंजिन ऑइल कालवून पसरत आणि त्याला ब्राऊन म्हणत. मामाजी एकदा कसल्याशा सामानाची पोच द्यायला तिथे गेले आणि एका साहेबाला काठी फिरवताना पाहून जागच्या जागी उभे राहिले. घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "हे त धोबीपछाड हाये," ते म्हणाले. "फक्त समोर मानूस नाई. कंबर तीच, पाय तेच." दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन त्या साहेबाला, त्याने न विचारता, आधी कंबर वळवा असे सांगितलेही. साहेबाच्या पाठीत वर्षभर चमक होती, ती योगायोगाने म्हणा किंवा कशाने म्हणा, महिनाभरात गेली. झाले. त्याने खूश होऊन मामाजींना आपल्या जुन्या काठ्यांचा अर्धा संच दिला आणि संध्याकाळी, साहेबलोक गेल्यावर, खेळायची मुभा दिली. त्या साहेबाला मी कधी पाहिले नाही, पण त्याच्या नावाने मी अनेकदा बोटे मोडली आहेत.

कारण त्यानंतर आमचे घर घर राहिले नाही. काखेत फडके धरून हात फिरवला की हात अंगापासून सुटत नाही, असा त्यांचा शोध होता. त्यामुळे मी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला प्रत्येक टॉवेल मला काखेतल्या घामाच्या वासासकट परत मिळे. पकड बसवायला माझे लाटणे लागे. वजन कळायला मुसळ लागे, आणि त्या मुसळाने अंगणातला पाण्याचा माठ फुटला तेव्हा त्यांनी मला सांगितले की माठ चुकीच्या जागी ठेवला होता. सर्वांत कहर म्हणजे भिंत. डोके हलू न देता कंबर वळवायची सवय व्हावी म्हणून ते समोरच्या खोलीच्या भिंतीला कपाळ टेकवून उभे राहत आणि ढुंगण इकडून तिकडे फिरवत. कपाळाला तेल असायचेच. भिंतीवर त्या उंचीला एक गोल तेलकट डाग पडला होता. दर दिवाळीला मी चुना मारायची आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डाग पुन्हा हजर. भिशीच्या बायका विचारत, हे काय. मी काय सांगणार होते?

माझ्यावर तर त्यांची खास नजर. विहिरीवर दोर ओढताना मागून आवाज यायचा, "काऊन व सूनबाई, पाठीनं काऊन ओढून राह्यली? एक पाय समोर ठेव." झाडताना, "काल उजव्या हातानं झाडलं, आज डाव्या." पाण्याने भरलेली पितळेची गुंडी उचलताना तर ते हातातला पेपर ठेवून उठून येत. "गुडघे. गुडघे वाकव. पाठ उभीच्या उभी खाली गेली पाह्यजे, चुलीपुढं बसतो तसी." मी वाकत असे, कारण न वाकल्यास ते स्वतः करून दाखवीत आणि मग पाणी सांडत असे. यजमानांची आशा त्यांनी सोडली होती. कापडगिरणीत कारकून असलेला हा मुलगा खुर्चीत पोत्यासारखा बसतो, हे दुःख ते माझ्याजवळ बोलून दाखवत, जणू मी त्याला तसा वाढवला होता.

मी शाळेत शिकवायला लागले तर तिथेही सुटका नाही. एकदा डबा विसरले म्हणून ते द्यायला आले. प्रार्थना चालू होती. हात जोडून, डोळे मिटून उभे राहावे की नाही? हे रांगेतून हिंडत मुलांच्या पोटऱ्या चाचपत राहिले आणि प्रार्थना संपल्यावर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, "बाई, तुमचा उजवा खांदा खाली हाये. पर्स दुसऱ्या खांद्यावर घेत जा." बाईंनी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेली नाही. बाईंनी दुसऱ्या आठवड्यापासून पर्स डाव्या खांद्यावर घ्यायला सुरुवात केली ही गोष्ट वेगळी.

बरे, एवढे सगळे करून हे गृहस्थ खेळत कसे? साधारण. चेंडू सरळ जायचा, पण दूर जायचा नाही. सल्लाही दर वेळी लागू पडत नसे. एका तरुण कॅप्टनची त्यांनी अशी काही कंबर वळवली की बिचारा चार दिवस कुबडा होऊन हिंडला. तरी साहेबलोकांना ते आवडत. त्यांना दुसऱ्याच्या चांगल्या फटक्याने मनापासून आनंद व्हायचा, स्वतःच्यापेक्षाही जास्त, आणि हे लोकांना कळते.

मात्र एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून होती. दर वर्षी थंडीत त्या मैदानावर सामना व्हायचा. एका बाजूला डेपोचे अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला सिव्हिलची मंडळी, म्हणजे गिरणीचे मॅनेजर, वर्ध्याचे दोन डॉक्टर, नागपूरचा एखादा वकील. मामाजी डेपोचे नोकर, म्हणून सिव्हिलमध्ये बसत नव्हते, आणि अधिकारी नव्हते, म्हणून डेपोत बसत नव्हते. दर वर्षी ते दोरीच्या बाहेर उभे राहून दोन्ही बाजूंच्या कंबरा पाहत. या सामन्यासाठी त्यांनी शिंप्याकडून, कंबरेत वळायला जागा ठेवून, पांढरी पँट शिवून घेतली होती. ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होती. दर थंडीत ती बाहेर निघायची, उन्हात टाकली जायची, इस्त्री व्हायची आणि सामना झाला की पुन्हा आत जायची. इस्त्री अर्थात मी करायची. त्या पँटचा मला राग येई आणि ती परत ट्रंकेत ठेवताना मला त्यांच्याकडे पाहवतही नसे.

मग ते रिटायर झाले. निरोपाचा नारळ घेऊन घरी आले आणि हार काढायच्या आधी म्हणाले, "सूनबाई, आजपासून मी सिव्हिल." मला आधी कळलेच नाही. गिरणीच्या मॅनेजरांनी खरोखरच त्यांना संघात घेतले. त्या दिवाळीत त्यांनी मला भिंतीला चुना मारू दिला नाही. कपाळ टेकवायची जागा सापडायला अडचण होते म्हणे.  साठीला आलेला माणूस लहान मुलासारखा दिवस मोजत होता आणि आम्हीही सगळे, न सांगता, मोजत होतो.

सामना पंधरवड्यावर आला असताना एका सकाळी आमच्या दारात डेपोची जीप थांबली. दोघा जवानांनी मामाजींना काटकोनात वाकलेल्या अवस्थेत उतरवले आणि तसेच आत आणून कुशीवर निजवले. मी घाबरले. कोणी चेंडू मारला, पडले, काय झाले? जवानांनी एकमेकांकडे पाहिले. त्यातला एक म्हणाला, "कुछ नहीं भाभीजी. बॉल होल में गया, वो निकालने झुके, फिर उठेच नहीं."

मी उशाशी बसले. बारा वर्षे गुडघे, गुडघे ऐकून माझे कान किटले होते. मी विचारले, "मामाजी, चेंडू उचलताना गुडघे वाकवले होते?"

ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "हलका होता व."

"म्हणजे?"

"एवढुसा चेंडू. त्याले कायले कोनी गुडघे वाकवते? गुंडी असती त वाकवले असते."

मला एकाच वेळी हसू, रडू आणि संताप आला, आणि मी तिन्ही केले. स्वयंपाकघरात जाऊन, भांडी आदळत केले.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितले आणि गोल्फचे नाव काढायचे नाही असेही. डॉक्टरांची पाठ वळताच मामाजी मला म्हणाले, "त्याच्याच चालन्यात लंगड हाये, त्याचं काय ऐकते?" त्यांच्यासारखा वाईट रोगी मी पाहिला नाही. मिठाची गरम पुरचुंडी शेकायला घेतली की ती पोळते, नाही घेतली की दुखते. गादीखाली काठी लपवून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर भिंतीचा आधार घेऊन, एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हाताने काठी फिरवू पाहत होते. मी काठी हिसकावून घेतली आणि सगळा संच ज्वारीच्या कोठीत टाकून कुलूप लावले. यजमान म्हणाले, "अगं, बाबा आहेत ते." मी म्हटले, "तुम्ही आधी सरळ बसा."

पण खरे सांगायचे तर त्यांची ती पँट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ते न खेळता सामना झाला असता आणि ती पँट मला पुन्हा घडी करून ठेवावी लागली असती, तर मला ते सोसले नसते. म्हणून बसता येऊ लागल्यावर मी अंगणात लिंबे पसरली. म्हटले, "एकेक उचलून टोपलीत टाका. चुलीपुढं बसतो तसे. पाठ वाकली की लिंबू परत खाली." मी हातात उलथणे घेऊन उभी. ते उचलायचे, मी ओरडायची. "गुडघे, मामाजी." "मालकाचं काम नोकराला सांगू नका, मामाजी." घामाघूम होऊन ते म्हणत, "माह्याच शब्दानं मले मारून राह्यली व." म्हणत, पण वाकत. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी टोपली भरली आणि एकही लिंबू परत आले नाही. मी कोठीचे कुलूप काढले. अट घातली की काठी खांद्याच्या वर न्यायची नाही आणि मी बरोबर येणार.

अशी मी गोल्फच्या मैदानावर गेले. साहेबांच्या बायका छत्र्यांखाली बसलेल्या आणि मी काठाची साडी नेसून, पायांत काळी माती, हातात गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन सासऱ्यांच्या मागे. पांढरी पँट त्यांना थोडी सैल झाली होती, पण दिसत होते छान. त्यांची गाठ एका मेजरशी होती, दांडगा तरुण, पण त्याचा प्रत्येक मोठा फटका उजवीकडे बाभळीत जायचा. मामाजींचे अर्धे अर्धे फटके, पण सरळ. प्रत्येक ब्राऊनवर चेंडू होलात गेला की मामाजी दोन्ही पाय टेकवून, पाठ उभी ठेवून, सावकाश खाली बसायचे, चेंडू काढायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मागची मंडळी ताटकळत. मी मान हलवली की ते उठायचे. शेवटच्या होलला दोघे बरोबरीत आले आणि बाकीचे निकाल असे लागले होते की या एका होलावर सगळा सामना होता.

पहिला फटका मेजरचा. तो उभा राहिला. मी मनात म्हटले, जाऊ दे बाबा बाभळीत. तेवढ्यात मामाजी पुढे झाले. दिवसभर त्यांनी जे गिळून ठेवले होते ते त्यांच्याने आता धरवेना. "साब," ते म्हणाले, "आपका वजन बाएँ एड़ी पे है. पहले कमर घुमने दो, हाथ बाद में."

मेजर थबकला. "पहलवान, आज तो चुप रहो. मैं आपके खिलाफ खेल रहा हूँ."

"वो ठीक है," मामाजी म्हणाले, "पर देखा नहीं जाता."

मेजरने वजन बदलले आणि त्या दिवसातला एकमेव सरळ फटका मारला. चेंडू असा गेला की छत्रीखालच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. तो होल त्याने घेतला. सिव्हिल हरले. गिरणीच्या मॅनेजरांनी मामाजींशी हात मिळवला आणि लगेच आपल्या गाडीकडे वळले. मीही सायकलरिक्षात बसताना रबरी पिशवी दोघांच्या मध्ये आदळली. इतकी वर्षे वाट पाहिली, आठवडाभर मी लिंबे वेचून घेतली, ते याच्यासाठी? आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते हळूच म्हणाले, "पन त्याची कंबर पाह्यली का व? काय वळली." मी तोंड फिरवून बसले. त्यांचा चेहरा मला पाहायचा नव्हता, कारण तो आनंदाने फुलला असणार हे मला माहीत होते आणि मला एवढ्यात राग सोडायचा नव्हता.

ती पँट त्यानंतर ट्रंकेत गेली नाही. ते ती रोज संध्याकाळी घालत, तिचा पांढरा रंग काळ्या मातीने करडा होईपर्यंत. पुढच्या थंडीतही ते संघात होते आणि पुन्हा हरले, त्यावेळी मात्र स्वतःच्या फटक्याने.

मग पोटाचा आजार आला आणि दोनेक वर्षांत त्याने त्यांना वाळवून टाकले. आखाड्यातला तो रुंद माणूस गादीवर शोधावा लागे. शेवटी शेवटी मीच त्यांना उठवून बसवायची. त्यांचे डोळे मिटलेले असत, तरी माझे हात अंगाखाली गेले की ओठ हलत, "गुडघे, सूनबाई." मी म्हणायची, "वाकवलेत, मामाजी. झोपा." मी चाळिशीकडे आले होते आणि माझी कंबर शाबूत होती, हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. त्यांना ते दिसत असणारच.

ते गेले त्या दिवशी सकाळी अंगणात गर्दी झाली. डेपोतली जुनी माणसे आली, गिरणीतली आली, मुख्याध्यापिकाबाई आल्या, पर्स डाव्या खांद्याला. तिरडी बांधून झाली. मी बायकांबरोबर दारात उभी होते, समोरच्या खोलीतल्या त्या डागाकडे पाठ करून. उचलायला चौघे पुढे झाले, त्यांत यजमान होते. कोणीतरी म्हणाले, "हलकेच झालते बिचारे. उचला." आणि चौघेही ताठ पायांनी, पाठीतून वाकले.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे अंगण माझ्याकडे पाहू लागले. अशा वेळी सुनेने बोलायचे नसते हे मलाही ठाऊक होते.

"गुडघे वाकवा जी," मी म्हणाले. "हलकं हाये म्हनून पाठीनं नका उचलू."

 मग यजमानांनी, जन्मभर पोत्यासारखे बसलेल्या त्या माणसाने, पाय फाकवले, पाठ सरळ केली आणि चुलीपुढे बसतात तसे खाली गेले. बाकीचे तिघे त्यांचे पाहून वाकले. मामाजींना उचलले ते असे, नीट, कोणाच्याही पाठीला झटका न बसता.